डोक्यावरचं धरण

१२ एप्रिल २०१६ च्या पहाटे मिरजेहून निघालेली ‘जलदूत’ लातूरला पोचली. दहा वाघिणी, प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर, एकूण पाच लाख लिटर पाणी. मराठवाड्याची तहान भागवायला रेल्वे धावली, ही बातमी देशभर गेली.

आता पावसाळ्यातली एखादी कोंदट दुपार घ्या. आभाळ भरलेलं, पाऊस मात्र नाही, नुसता घाम. लातूरच्या शिवारातल्या कुठल्याही अडीच एकराच्या तुकड्यात उभे राहा. त्या तुकड्यावर, मातीपासून थेट वातावरणाच्या टोकापर्यंत, जेवढी वाफ उभी असते ती सगळी पिळून खाली पसरली तर जवळपास पन्नास मिलिमीटरचा थर होतो. एका हेक्टरवर पन्नास मिलिमीटर म्हणजे पाच लाख लिटर. अख्खी जलदूत, एका शेतावर, रुळांशिवाय.

हाच हिशोब मराठवाड्याच्या सुमारे ६४,५०० चौरस किलोमीटरवर मांडला तर आकडा ३२० कोटी घनमीटरच्या घरात जातो. जायकवाडीचा उपयुक्त साठा २१७ कोटी घनमीटर. म्हणजे पैठणच्या नाथसागराच्या दीडपट पाणी आपल्या डोक्यावर तरंगत असतं. ते थांबून राहत नाही. सह्याद्री ओलांडून आलेला पश्चिमेचा वारा ते पुढे विदर्भ-तेलंगणाकडे ढकलत नेतो आणि मागून नवं येत राहतं. या वाहत्या धरणाला भिंत नाही, दरवाजे नाहीत. आणि अगदी अलीकडेपर्यंत त्याला पाणीपातळी मोजायची पट्टीही नव्हती. ती पट्टी कशी आली, त्याची ही हकीकत.

घराघरात पट्टी होतीच म्हणा, फक्त तिच्यावर आकडे नव्हते. मृगाच्या आसपास बरणीतलं मीठ पाझरायला लागतं, पापड वातड होतात, फुगलेलं दार चौकटीला अडतं. वेधशाळेतलं जुनं आर्द्रतामापक याहून फार वेगळं नव्हतं. दमट हवेत माणसाचा केस किंचित लांबतो. तो ताणून धरायचा, टोकाला काटा जोडायचा, झालं यंत्र. अडचण इतकीच, की मीठ काय किंवा केस काय, सांगतो तो फक्त आपल्या नाकासमोरच्या हवेबद्दल. वर काय आहे, याचा त्याला पत्ता नसतो.

वर जायचं तर फुगा हवा. भारतीय हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आलं आणि वरच्या हवेच्या अभ्यासाला पुण्यात बस्तान मिळालं. १९४० च्या दशकात तिथेच एस. पी. वेंकटेश्वरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशी रेडिओसोंड घडवला: फुग्याला टांगलेली एक डबी, जी वर जाता जाता हवेचा दाब, तापमान आणि दमटपणा रेडिओवरून खाली कळवत राहते. वर जाताना अंगावर येणाऱ्या वाऱ्याने एक छोटा पंखा फिरायचा आणि त्याच्या फिरण्यावर एकामागून एक मोजमापाची जोडणी बदलायची. विजेऱ्या महाग आणि घड्याळी यंत्रं परदेशी असण्याच्या काळात ही युक्ती मला आजही देखणी वाटते.

औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या संभाजीनगरच्या, चिकलठाणा विमानतळावरचं केंद्रही या फुगेवाल्या केंद्रांच्या यादीत आलं. जागतिक यादीत त्याचा क्रमांक ४३०१४. फुगा सोडायच्या वेळा जगभर एकच. भारतीय घड्याळात त्या पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाच येतात. हायड्रोजन भरलेला फुगा वर चढत जातो, हवा विरळ होईल तसा फुगत जातो, पंचवीस-तीस किलोमीटरवर फुटतो आणि डबी वाऱ्याने नेलं तिथे, कुणाच्या तरी कपाशीत नाही तर तुरीत, येऊन पडते. मोजमाप उत्तम. पण दिवसातून दोनदाच. मराठवाड्यातला वळवाचा ढग दुपारी दोनला उठतो आणि पाचच्या आत मोकळा होतो. त्याचा सगळा जन्म दोन फुग्यांच्या मधल्या फटीत होऊन जातो.

यानंतरचं साल १९७२. आपल्याकडे नुसतं ‘बहात्तर’ म्हटलं तरी पुढे ‘दुष्काळ’ म्हणावं लागत नाही. खडी फोडणारे हात, सुकडी, लाल मिलो, रोजगार हमीची कामं. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांनाही तो घरातल्या बोलण्यातून पाठ आहे. त्याच वर्षी तिकडे कॅनडात, सास्तामोइनेन या मूळच्या फिनलंडच्या भूगणितज्ञाने एक सूत्र छापलं. त्याला पावसाशी काही देणंघेणं नव्हतं. उपग्रहापर्यंतचं अंतर रेडिओलहरींनी मोजताना मधली हवा किती खोट आणते, एवढाच त्याचा प्रश्न होता. त्याने दाखवलं, की कोरड्या हवेमुळे येणारी खोट जमिनीवरच्या वायुदाबावरून जवळजवळ अचूक काढता येते. ओल्या हवेचं तसं नाही. तिची वाटणी लहरी, तिचं सूत्र कच्चं. भूगणितवाल्यांच्या दृष्टीने वाफ हा हिशोबातला वैताग होता. वीस वर्षांनी तोच वैताग कुणाला तरी सोन्यासारखा वाटणार होता, पण त्याआधी आपल्याकडचं पाहू.

दुष्काळाने इथे वेगळ्या प्रयोगाला गती दिली. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने १९७३ पासून बारामती-अहमदनगरच्या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात डीसी-३ जातीचं, म्हणजे आपलं जुनं डाकोटा, विमान ढगांत घातलं आणि मिठाची पूड फवारली. पापडाला वातड करणारं, पाणी ओढणारं तेच मीठ. मधली काही वर्षं सोडून प्रयोग १९८६ पर्यंत चालला, अकरा पावसाळे. कुठल्या दिवशी कुठल्या भागावर फवारायचं हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं जाई, म्हणजे मनासारखे ढग निवडून स्वतःची फसवणूक व्हायला नको. निष्कर्ष निघाला चोवीस टक्के वाढीचा. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते: किलोमीटरभराहून जाड आणि पाण्याने पुरेशा भरलेल्या ढगांनीच दाद दिली, उथळ ढगांनी नाही. ढगात मुळात पाणी किती, हे कळल्याशिवाय मीठ टाकण्यात अर्थ नाही, हा धडा तिथे मिळाला होता. पुढे तो किती जणांनी लक्षात ठेवला, हा वेगळा विषय.

वाफ लांबून मोजायचा पहिला भारतीय प्रयत्न अवकाशातून झाला, आणि तोही बऱ्याच लवकर. ७ जून १९७९ रोजी सोव्हिएत रॉकेटवरून ‘भास्कर’ उपग्रह वर गेला. इस्रोच्या मनात सातव्या शतकातला पहिला भास्कर होता की बाराव्या शतकातला भास्कराचार्य, यावर वाद घालणाऱ्यांनी घालावा. इकडच्या माणसाला भास्कर म्हटलं की पाटणादेवी आठवते. संभाजीनगरहून कन्नडमार्गे औट्रम घाट उतरलं की चाळीसगावजवळ ते ठाणं आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ स्थापल्याचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला.

भास्करवर जे उपकरण होतं त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळवून झालेला शब्द होता ‘समीर’. समीर म्हणजे वारा. हे नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावीशी वाटते. हा मायक्रोवेव्ह रेडिओमीटर. तो स्वतः काही पाठवत नाही, फक्त ऐकतो. पाण्याच्या वाफेचा रेणू सुमारे २२.२ गिगाहर्ट्झ या वारंवारतेवर ऊर्जा शोषतो आणि सोडतोही. त्या सुरावर कान लावला आणि शेजारच्या १९ गिगाहर्ट्झच्या सुराशी ताडून पाहिलं, की मध्ये वाफ किती हे कळतं. १९८१ च्या नोव्हेंबरात गेलेल्या दुसऱ्या भास्करने ३१ गिगाहर्ट्झचा तिसरा सूर जोडला.

अरबी समुद्रावर हे छान जमलं. समुद्राचा पृष्ठभाग या लहरींत थंड, अंधारा दिसतो आणि त्याच्यावर वाफ उजळून उठते, काळ्या पाटीवर खडूने लिहावं तशी. जमीन मात्र स्वतःच उजळ. पांढऱ्या भिंतीवर खडूने लिहिलं तर कुणाला वाचता येणार? त्यामुळे मुंबईच्या किनाऱ्यापर्यंत पावसाळी वाफेचा माग लागायचा आणि किनारा ओलांडला की तो पुसट व्हायचा. ज्या भागाला या आकड्याची सगळ्यात जास्त निकड, नेमका तोच भाग नकाशावर कोरा. मराठवाड्याला हा अनुभव पाण्याच्या बाबतीत नवा नव्हता.

पुढचा काळ भराभर सांगतो. १९९९ च्या इन्सॅट-२ई आणि २००२ च्या कल्पना-१ वर वाफेची खास वाहिनी होती. टीव्हीवरच्या बातम्यांत करड्या-पांढऱ्या पट्ट्यांची जी चित्रं दिसत ती त्यातलीच. पण ती पाहत होती वातावरणाचा वरचा मजला. पावसाळी वाफेचा मोठा वाटा खालच्या दोन-तीन किलोमीटरमध्ये असतो, आणि तिथवर या वाहिनीची नजर पोचत नव्हती. २६ जुलै २०१३ ला इन्सॅट-३डी गेला. त्याच्यावर पहिल्यांदाच भारतीय भूस्थिर उपग्रहाचा ‘साउंडर’ होता: एकोणीस वाहिन्या, त्यातल्या अठरा अवरक्त, प्रत्येक वाहिनी हवेच्या वेगळ्या थरात डोकावणारी. सगळे थर मिळून एकूण वाफ काढता येऊ लागली. ८ सप्टेंबर २०१६ ला त्याचा जोडीदार इन्सॅट-३डीआर श्रीहरिकोट्याहून निघाला. आता जमिनीवरचीही वाफ दिसायला लागली, दिवसातून कितीतरी वेळा.

फक्त एक खोड राहिली. अवरक्त किरण ढगाच्या पार जात नाहीत. आभाळ निरभ्र असेल तर साउंडर चोख उत्तर देणार, आणि आभाळ भरून आलं, खाली शेतकरी मान वर करून उभा राहिला, की तो डोळे मिटणार.

ढगापलीकडे पाहणारं साधन आलं ते भलत्याच गल्लीतून. १९९२ साली मायकेल बेव्हिस आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी एक शोधनिबंध लिहिला. म्हणणं सोपं होतं: भूगणितवाले ज्या ओल्या खोटीला वैतागतात ती फेकू नका, आम्हाला द्या. जीपीएस उपग्रहाचा संदेश वाफेतून येताना किंचित रेंगाळतो, म्हणून जमिनीवरच्या ग्राहकयंत्राला उपग्रह आहे त्याहून जरासा लांब भासतो. तो ‘जरासा’ म्हणजेच वाफ.

संभाजीनगरच्या अँटेनापाशी हे जवळून पाहू. शहर समुद्रसपाटीपासून साधारण पावणेसहाशे मीटरवर. डोक्यावरून सरळ येणाऱ्या संदेशाला इथे कोरड्या हवेमुळे सुमारे २.१५ मीटरची खोट येते. दाबमापकाचा आकडा सास्तामोइनेनच्या सूत्रात घातला की हा भाग जवळजवळ नेमका निघतो. तो वजा करायचा. उरतात काही सेंटिमीटर. डिसेंबरच्या कोरड्या सकाळी आठ-दहा, भर पावसाळ्यात तीस-बत्तीस. एक मिलिमीटर पाण्यामागे साधारण साडेसहा मिलिमीटर खोट, या दराने भागलं की डोक्यावरचं पाणी मिलिमीटरमध्ये हातात. तिरप्या कोनातून येणाऱ्या उपग्रहांचे संदेशही सरळ रेषेत आणून जमेस धरतात, त्यामुळे उत्तर एका काठीपुरतं राहत नाही, भोवतालच्या काही किलोमीटरचं होतं. ना फुगा, ना डबी. खांबावर एक अँटेना, शेजारी दाब-तापमानाचं यंत्र. ढग असो, रात्र असो, धो धो पाऊस असो, मोजणी चालूच. वीस हजार किलोमीटर वरून आलेल्या संदेशातले हे सेंटिमीटर वेचायचे म्हणजे उपग्रहाची जागा आणि घड्याळं किती काटेकोर माहीत हवीत, याचा विचार केला की गणित करणाऱ्यांना हात जोडावेसे वाटतात.

चारशे वर्षांपूर्वी मलिक अंबरने याच गावात जमिनीच्या पोटातलं पाणी नहरीने शहरात खेळवलं. खालून वाहणारं पाणी कुठे किती आहे हे ताडण्याची विद्या इथल्या कारागिरांकडे होती. पाणचक्कीला पाणी देणारी नहर त्याच परंपरेतली. आता वरच्या वाहत्या पाण्याची मोजदाद सुरू झाली.

हवामान खात्याने आधी दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि गुवाहाटी अशी जीपीएस अँटेनांची पाच केंद्रं उभी केली. पुढे जाळं पंचवीसवर गेलं आणि त्यात पुणे, नागपूर, पणजी यांच्याबरोबर औरंगाबादचा समावेश झाला. प्रत्येक केंद्राला चार अक्षरी सांकेतिक नाव, इथलं ‘ए-आर-जी-डी’. २०२३ मध्ये शहराचं नाव अधिकृतपणे बदललं, पण शोधनिबंधांच्या तक्त्यांतून ही चार अक्षरं जुन्या नावाची आठवण ठेवून आहेत. सातबारावर आजोबांचं नाव राहून जावं तसं.

मराठवाड्याचं आकाश याच सुमाराला वेगळ्या कारणाने गाजत होतं. ऑगस्ट २०१५ मध्ये औरंगाबादला तळ ठेवून कृत्रिम पावसाची विमानं उडाली. २०१९ च्या मे महिन्यात राज्य मंत्रिमंडळाने पुन्हा तीस कोटी रुपये मंजूर केले. विभागीय आयुक्तालयाच्या इमारतीवर रडार बसलं आणि ९ ऑगस्टपासून चिकलठाण्याहून उड्डाणं सुरू झाली. विमानाच्या पंखांना क्षारांच्या नळकांड्या. योग्य ढग दिसला की त्या पेटवायच्या. गच्चीवर उभे राहून विमान कुठल्या ढगात शिरलं हे बोट दाखवून सांगणारे जाणकार त्या महिन्यात जागोजागी तयार झाले. आपल्या तालुक्यावर विमान का आलं नाही, ही तक्रारही झाली. ढगाला तालुक्याची हद्द कळत नाही हे खरं, पण पाणी वाटून घेण्याच्या भांडणात मुरलेल्या मुलखाने आकाशाकडे वेगळ्या नजरेने का पाहावं?

त्या रडारबद्दल एक गैरसमज होता. त्याला वाफ दिसत नाही. त्याला दिसतात थेंब, तेही बऱ्यापैकी वाढलेले. पाऊस कुठे तयार झालाय हे ते सांगतं. कशातून तयार होऊ शकेल हे सांगायला वाफेचा आकडा लागतो. आणि वाफ भरपूर असूनही पाऊस न पडणं हा तर इथला नेहमीचा खेळ. वाफ वर उचलली जावी लागते, थंड व्हावी लागते. सह्याद्रीने घाटमाथ्यावर ते काम फुकटात करून दिलं, आणि नगरच्या पलीकडे त्याच वाऱ्याला उचलायला कुणी नाही. पन्नास मिलिमीटर डोक्यावरून जातात आणि शिवार कोरडं राहतं.

पुण्याच्या संस्थेने २०१८ आणि २०१९ चे पावसाळे सोलापुरात घालवले ते हाच गुंता सोडवायला. विमानं, रडार, रेडिओमीटर, पर्जन्यमापकांचं जाळं, आणि पुन्हा तीच चिठ्ठी टाकण्याची शिस्त: निवडलेल्या ढगांपैकी काहींत क्षार सोडायचे, काही मुद्दाम तसेच ठेवायचे. २०२३ मध्ये निष्कर्ष आला, की वाऱ्याच्या दिशेला शंभर चौरस किलोमीटरच्या टापूत सरासरी अठरा टक्के वाढ. तीही योग्य ढग मिळाला तर. बारामतीच्या डाकोटाने चाळीस वर्षांपूर्वी सांगितलेली अट तशीच.

इन्सॅट-३डीआर आणि जमिनीवरची केंद्रं यांचे आकडे शेजारी ठेवून पाहणारा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकोणीस केंद्रं, वेगवेगळे ऋतू. बहुतेक ठिकाणी सहसंबंध ०.५० ते ०.९८ च्या दरम्यान, म्हणजे बरा ते उत्तम. तिरुवनंतपुरम, कन्याकुमारी, कारैकल यांची पावसाळ्यात फारकत, पणजीची पावसाळ्यानंतर. कोरड्या ऋतूंत चूक लहान, ओल्या ऋतूंत मोठी. कुठे उपग्रह जास्त सांगतो, कुठे कमी. या मालिकेतला इन्सॅट-३डीएस १७ फेब्रुवारी २०२४ ला वर गेला तरी ही ताडून पाहण्याची गरज संपलेली नाही.

हा फरक किती, तर काही मिलिमीटरचा. कागदावर तो नगण्य वाटतो. एकच मिलिमीटर धरू. संभाजीनगर जिल्ह्याचं क्षेत्रफळ १०,१०० चौरस किलोमीटर. त्यावर एक मिलिमीटर म्हणजे एक कोटी घनमीटर पाणी. पाच लाख लिटरच्या जलदूतने ते आणायचं तर वीस हजार फेऱ्या होतील.